वाऱ्यावर सोडताना

आमच्या चारठाण्यात उंच म्हणून दाखवाव्यात अशा दोनच गोष्टी आहेत. एक म्हणजे जुन्या देवळांच्या पसाऱ्यात ताठ उभा असलेला कोरीव दगडी स्तंभ, आणि दुसरी म्हणजे माझ्या आईचा आवाज. स्तंभ पाहायला बाहेरगावची अभ्यासू मंडळी येतात, मान मोडेपर्यंत वर पाहतात, फोटो काढतात आणि वहीत काहीतरी टिपून परत जातात. आईचा आवाज ऐकायला मुद्दाम कोणी येत नाही; तो आपणहून एस. टी. च्या थांब्यापर्यंत जातो.

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातले हे गाव. गावाचे जुने नाव ‘चारुक्षेत्र’ होते असे सांगतात. गोकुळेश्वराचे देऊळ, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची बारव, जागोजागी उभी-आडवी पडलेली यादवकाळाची शिल्पे. लहानपणी या साऱ्यांत आम्ही लपंडाव खेळलो आणि मोठेपणी पोटासाठी पुण्याला निघून गेलो. आज मी तिथल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वय सेहेचाळीस, चष्मा दोन नंबरांचा, आणि उंचीची भीती पहिल्या नंबराची. जिन्याचा कठडा धरल्यावाचून मी दुसऱ्या मजल्यावर वर्ग घ्यायला जात नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीत नेहमीप्रमाणे आम्ही सहकुटुंब गावी गेलो होतो. पाडव्याच्या दुपारी फराळाचे जडपण उतरवावे म्हणून मी आणि लेक बारवेच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. लेक पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर लख्ख निळे आकाश होते आणि त्यात एक घार गोल गोल फिरत होती. घार म्हटली की मराठीच्या प्राध्यापकाला तिचे चित्त आणि तिची पिले आठवायचीच. मी घसा खाकरून त्याविषयी काही सांगणार, तोच लेक म्हणाली, ‘‘बाबा, तिच्या चित्ताचं राहू द्या. ती पंख न हलवता वर कशी जातेय, ते सांगा.’’

मला सांगता आले नाही.

‘‘मग मी सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘खालची काळी जमीन तापलीय. तिथून ऊन हवेचा झोत वर येतोय आणि ती त्यातच घिरट्या घालतेय. माणसालाही हे करता येतं. त्याला पॅराग्लायडिंग म्हणतात. कामशेतला शिकवतात. चार दिवसांचा पहिला वर्ग आहे, फीचे पैसे मी शिकवण्या करून साठवलेत. फॉर्मवर माझी सही चालते, पण मला तुमची हवी आहे.’’

एवढी सगळी तयारी करून माझ्यापाशी फक्त सही मागायला आलेली मुलगी पाहून कोणत्याही बापाला अभिमान वाटला असता. मला घाम फुटला. आणि त्या घामामागे एक छत्री होती.

मी चौथीत असतानाची गोष्ट. आमचे घर जुन्या मराठवाडी पद्धतीचे, वर सपाट मातीचे माळवद असलेले. एका उन्हाळ्यात, घरात सगळे झोपलेले पाहून, मी आबांची काळी, बांबूच्या दांड्याची छत्री उघडली आणि माळवदावरून उडी मारली. उडी मारताना मनात काय होते ते आता आठवत नाही; पण फार उदात्त काही होते एवढे खरे. छत्री उलटी झाली आणि मी सुलटा पडलो. डाव्या हाताचे मनगट मोडले. आबांनी मला पाठुंगळी घेऊन हाड बसवायला नेले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे आणि ते मनगट, दोन्ही अजून पावसाळ्यात दुखतात.

तेव्हा ओसरीवर येताच मी निकाल जाहीर केला. ‘‘माझ्या मुलीला मी असं वाऱ्यावर सोडणार नाही!’’

वाक्य मला चांगले जमले असे वाटले. पण आत चुलीपाशी बसलेल्या आईने ते झेलले.

‘‘कुणाला सोडायलास रे वाऱ्यावर?’’

सगळी हकीकत तिला सांगावी लागली. तिने ती हातातले लाटणे न थांबवता ऐकली आणि मग म्हणाली, ‘‘तू छत्री घेऊन उडी मारलीस, तुला कुणी शिकवलं होतं का? ही तर शिकून उडते म्हणायली. तू पडलास म्हणून तिनं वर बघायचं नाही का? आधी जाऊन बघून ये. न बघताच नाही म्हणायचं, तर मास्तर कशाला झालास?’’

आमच्या सौभाग्यवती अशा वेळी कोणाचीच बाजू घेत नाहीत. त्या फक्त चहा ठेवतात. त्या दिवशी त्यांनी चहात साखर जरा जास्त घातली, यावरून त्या कोणाच्या बाजूच्या होत्या हे मी ओळखले. मी सही केली नाही; पण ‘बघून येतो’ एवढे कबूल केले. जानेवारीतल्या एका सकाळी लेक हौशी म्हणून आणि मी राखणदार म्हणून, असे दोघे लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसलो.

कामशेत हे मुंबई-पुणे मार्गावरचे मावळातले स्टेशन. इंद्रायणी इथूनच पुढे देहू-आळंदीकडे जाते. पवनेच्या अंगाला तुंग आणि तिकोना, इकडे लोहगड-विसापूर, जवळच बेडसे, भाजे आणि कार्ला ही लेणी, असा तो सगळा मुलूख. डोंगर फार उंच नाहीत. पण उघडे, गवताळ आणि वाऱ्याच्या वाटेवर बसलेले आहेत. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत इथे उडण्याचा हंगाम चालतो. ज्या इंद्रायणीच्या काठावरून तुकोबा विमानात बसून सदेह वैकुंठाला गेले अशी आपली श्रद्धा आहे, तिच्याच वरच्या अंगाला आज पोरेसोरे पाठीला पंख बांधून टेकडीवरून उडतात. तुकोबांना परत यायचे नव्हते. या मंडळींना संध्याकाळच्या लोकलने परत यायचे असते, एवढाच फरक.

आमचे शिक्षक सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. म्हणजे माझा एखादा जुना विद्यार्थी शोभावा असे. त्यांनी मला ‘सर’ म्हटले. मीही त्यांना ‘सर’ म्हटले. असा दोन्हीकडून आदर चालला असताना ते म्हणाले, ‘‘सर, तुम्ही चार दिवस उन्हात बसून करणार काय? एक जागा रिकामी आहे. जमिनीवरचं तरी शिका. उडायचं की नाही, ते मागाहून ठरवा.’’

मी लेकीकडे पाहिले. ती दुसरीकडे पाहत होती. पण तिचे कान माझ्याकडे होते. वीस वर्षे वर्गात उभे राहून ‘प्रयत्नांती परमेश्वर’ सांगणाऱ्या माणसाची अशी कोंडी करू नये. मी हो म्हणालो.

पहिला दिवस सपाट रानात गेला. पिशवीतून जे निघाले ते पाहून मला प्रथम आबांची छत्रीच आठवली. पण शिक्षकांनी पहिल्या पाच मिनिटांत माझी समजूत दुरुस्त केली. छत्री, किंवा जुन्या तऱ्हेचे गोल पॅराशूट, पडणे फक्त मंद करते. हे कापड पडत नाही, पुढे सरकते; आणि पुढे सरकते म्हणून तरंगते. नायलॉनचे दोन पदर, मध्ये कप्प्यांच्या भिंती, आणि पुढची कड उघडी. त्या तोंडांतून वारा आत शिरला की सगळे कप्पे फुगतात आणि कापडाला पक्ष्याच्या पंखाचा आकार येतो. त्यात काठी नाही, तार नाही, यंत्र नाही. आतला वारा हाच त्याचा सांगाडा. वजन पाच किलोंच्या आसपास. हवा स्थिर असेल तर असा पंख एक मीटर खाली येईपर्यंत सात-आठ मीटर पुढे जातो, आणि त्याचा नेहमीचा वेग ताशी ३५ किलोमीटरांच्या घरात असतो. म्हणजे सायकलपेक्षा जास्त आणि एस. टी. पेक्षा कमी, रस्ता चांगला असेल तर.

संध्याकाळी चहाच्या वेळी इतिहासाच्याही गप्पा निघाल्या. गिरगाव चौपाटीवर १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. तिला त्या काळचा भक्कम पुरावा मात्र मिळत नाही. त्याच सुमारास जर्मनीत ओटो लिलिएन्थाल हा इंजिनियर खरोखरच पंख बांधून टेकड्यांवरून उड्या घेत होता, आणि त्याचे फोटो आहेत. सोयीची टेकडी नाही म्हणून त्याने बर्लिनजवळ १८९४ साली स्वतःची टेकडी उभारली! ऑगस्ट १८९६ मध्ये तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. कप्प्यांचा पंख पुढे अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात डॉमिना जालबर यांनी तयार केला. आणि १९७८ साली फ्रान्समधल्या मियुसी गावच्या तिघा पॅराशूटवाल्यांनी तसला पंख घेऊन, विमानातून उडी मारण्याऐवजी, डोंगरउतारावरून धावत जाऊन उड्डाण केले. विमानाचा खर्च वाचावा हाही त्यात एक हेतू होता. एवढा मोठा खेळ काटकसरीतून जन्मला हे ऐकून मध्यमवर्गीय मनाला फार बरे वाटले. आपल्याकडे हिमाचलातल्या बीड-बिलिंगला तर २०१५ साली या खेळाच्या विश्वचषकाची स्पर्धाही झाली.

पण इतिहास ऐकणे सोपे. पंख उभा करणे अवघड. वारा जरा जोराचा असला की त्याची रीत अशी : वाऱ्याकडे पाठ करायची, जमिनीवर पसरलेल्या पंखाकडे तोंड करायचे, पुढच्या दोऱ्यांचे पट्टे हातात घ्यायचे आणि एक पाऊल मागे टाकायचे. पंख अंगावर धावून आल्यासारखा उठतो, डोक्यावर येतो. तिथे त्याला थोपवायचे, आणि मग गर्रकन वळून वाऱ्याकडे तोंड करून धावायचे. ‘वारा येईल तशी पाठ द्यावी’ ही म्हण मी आजवर संधिसाधू माणसांच्या वर्णनासाठी शिकवत आलो. तिचा अर्थ इतक्या सरळपणे अंगावर येईल असे वाटले नव्हते. पहिल्या खेपेला पंख उठलाच नाही. दुसऱ्या खेपेला उठला आणि डावीकडे आडवा झाला. तिसऱ्या खेपेला त्याने मला खाली पाडले आणि गवतातून एका बाभळीच्या झुडपापर्यंत ओढत नेले. संध्याकाळी माझ्या विजारीला इतकी कुसळे चिकटली होती की, लेकीने ती काढता काढता विचारले, ‘‘बाबा, ही विजार की साळिंदर?’’

तिचा पंख दुपारपर्यंत डोक्यावर स्थिर राहू लागला होता. माझा मात्र डुलायचा, झुकायचा आणि धप्पकन बसायचा. शिक्षक माझ्या मागे येऊन उभे राहिले. ‘‘सर, तुमचे हात पाहा.’’ दोन्ही हातांत ब्रेकच्या मुठी असतात. त्या ओढल्या की पंखाची मागची कड खाली येते आणि वेग कमी होतो. एकच ओढली की त्या बाजूला वळण मिळते. माझ्या दोन्ही मुठी कमरेपर्यंत ओढलेल्या होत्या. ‘‘पंख जरा हलला की तुम्ही घाबरून ओढता. ओढलं की त्याचा वेग जातो. वेग गेला की तो पडतो. मग तुम्ही अजून ओढता. वर आकाशात असं केलं तर पंख उडायचाच थांबेल. हात वर घ्या.’’

‘‘म्हणजे सोडून देऊ?’’

‘‘सोडून नाही द्यायचं. हात वर ठेवायचे, पण दोरीतला ताण बोटांना कळत राहिला पाहिजे. तो काय म्हणतोय ते ऐकायचं.’’

त्या दुपारी मी हे वाक्य फक्त पंखाविषयी आहे असे समजलो.

दुसऱ्या दिवशी छोट्या उतारावर धावण्याचा सराव झाला. पाय चार-दोन फूट उचलले जायचे आणि पुन्हा टेकायचे. पण त्याहून जास्त वेळ गेला तो तपासण्या पाठ करण्यात. हेल्मेटचा पट्टा, छातीचा पट्टा, दोन्ही मांड्यांचे पट्टे, दोऱ्यांतला गुंता, जादा पॅराशूटची पिन, वाऱ्याची दिशा, समोरचे आकाश मोकळे आहे की नाही. प्रत्येकाने हे मोठ्याने म्हणायचे, हात लावून म्हणायचे, आणि प्रत्येक खेपेला म्हणायचे. एका हुशार तरुणाने ‘‘आत्ताच तर तपासलं,’’ म्हटले, तेव्हा आमचे हसरे शिक्षक पहिल्यांदाच कडक झाले. मांड्यांचे पट्टे लावायचे विसरून उडालेली माणसे या खेळात जिवानिशी गेली आहेत, असे त्यांनी सांगितले. भीती खोटी नव्हे, हे ऐकून मला विचित्र समाधान वाटले. इथे भीतीला वेडगळ म्हणून हसत नव्हते. तिला कामाला लावले होते. वारा जोराचा, वारा फिरता, वारा पाठीमागून. अशा वेळी बसून राहायचे. दुपारच्या तापल्या हवेत नवशिक्याने जायचे नाही. शिक्षकाच्या डोळ्यांआड उडायचे नाही. ज्या बापांना माझ्यासारखा घाम फुटतो, त्यांनी शिकवणाऱ्याला एवढेच विचारावे : ‘‘तुम्ही पोरांना नाही कधी म्हणता?’’ उत्तर चटकन आणि सविस्तर आले, तर माणूस भरवशाचा.

तिसऱ्या दिवशी आम्ही खऱ्या टेकडीवर गेलो. पाठीवर पंधरा-एक किलोंचे ओझे, चढ उभा, आणि वर पोचलो तर वारा पडलेला. शिक्षकांनी वाळक्या गवताची चिमूट घेऊन सोडली. ती सरळ पायाशी पडली. ‘‘बसू या,’’ ते म्हणाले.

आम्ही बसलो. दर पाच मिनिटांनी कोणीतरी उठून गवत सोडी आणि ते पायाशीच पडे. आणि तिथे, मावळातल्या त्या टेकडीवर, मला एकाएकी चारठाण्याचे खळे दिसू लागले.

मळणीयंत्रे येण्याआधी आमच्याकडे ज्वारी वाऱ्यावर उपणत. आबा उंच तिवईवर उभे राहायचे आणि आई खालून भरलेली पाटी त्यांच्या हातात द्यायची. पाटी तिरपी झाली की दाणे सरळ खाली राशीत पडायचे आणि भूस वाऱ्याने पलीकडे उडून जायचे. पण सुरुवात करण्याआधी आबा चिमूटभर भूस सोडून वारा पाहायचे. वारा नसला तर ते तिवईवरच उभे राहायचे. अर्धा तास, तास. पाटी रिकामी करायचे नाहीत आणि खालीही उतरायचे नाहीत. मला वाटायचे, हा माणूस काहीच का करत नाही? त्यांचे ते उभे राहणे हेच काम होते, हे कळायला मला कामशेतच्या टेकडीवर यावे लागले. आमच्या शिक्षकांच्या हातातली गवताची चिमूट आणि आबांच्या हातातली भुसाची चिमूट यांत मला काही अंतर दिसेना. माझा छत्रीचा प्रयोग आबांनी पाहिला असता तर ते ‘उडी मारू नको’ म्हणाले असते की ‘आधी वारा बघ’, हे आता विचारायची सोय राहिलेली नाही.

सूर्य कलला तसा वारा आला, पण उलटा, टेकडीच्या मागून. ‘‘आज नाही,’’ शिक्षक म्हणाले. आम्ही ओझी उचलून टेकडी उतरलो. मला सुटल्यासारखे झाले होते, हे खोटे कशाला बोलू? लेकीचे तोंड उतरले असेल म्हणून मी समजूत घालायला गेलो, तर ती म्हणाली, ‘‘बरं झालं, बाबा. मला वाटत होतं, सर माझ्या हट्टामुळे हो म्हणतील.’’ मी तिच्याकडे पाहतच राहिलो. हट्टापुढे नाही म्हणणारा माणूस भेटला याचा तिला आनंद झाला होता. आणि मी तर नाहीशिवाय काहीच म्हटले नव्हते. मग माझे नाही आणि त्यांचे नाही यांत फरक काय? विचार करता करता एवढे कळले, की ते वारा पाहून नाही म्हणाले होते. मी वारा पाहिलाच नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी वारा समोरून, मंद आणि सारखा येत होता. लेकीचा नंबर दुसरा होता. तिने सगळ्या तपासण्या मोठ्याने म्हटल्या. तिचा आवाज खणखणीत होता. तो तिच्या आजीवर गेला आहे, हे मला त्या क्षणी प्रथमच जाणवले. मग तिने पंख उचलला, वळली आणि धावू लागली. एक, दोन, पाच पावले. सहावे पाऊल पडले ते जमिनीवर नव्हतेच. पाय हवेतच धावत होते.

मी टेकडीच्या कडेला उभा होतो. एकोणीस वर्षांत ही मुलगी मी कडेवरून खाली ठेवली, सायकलवर बसवली, गर्दीच्या रस्त्यापलीकडच्या शाळेत सोडली. पण दर वेळी धावत जाऊन धरता येईल एवढ्या अंतरावर ती होती. आता धरण्यासारखे काही नव्हते. थोडे पुढे गेल्यावर तिचा पंख एका बाजूला झुकला. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. शिक्षक वायरलेसवर अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘हात वर. छान. तसेच राहू देत.’’ पंख आपणहून सरळ झाला. तेव्हा मी खाली पाहिले. माझ्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या आणि कमरेपर्यंत खाली खेचलेल्या होत्या. पंख नव्हता, दोरी नव्हती. मी नुसत्या हवेतच ब्रेक ओढून उभा होतो. हळूहळू मी हात वर घेतले. शेजारच्या तरुणाला वाटले मी तिला टाटा करतोय, त्यानेही केला.

ती खाली रानात उतरली, गुडघ्यांवर पडली, उठली आणि पंख गोळा करू लागली. उठून पंख गोळा करणे ही ‘मी ठीक आहे’ याची खूण.

‘‘सर, तुम्ही?’’ शिक्षकांनी विचारले.

माझ्या उड्डाणाविषयी फार सांगण्यासारखे नाही. सगळे मिळून मिनिटभराचे असेल. धावताना पाय माझे नाहीत असे वाटत होते. आणि मग ते खरोखरच कोणाचे नाहीत असे झाले. खाली पडलो तर काय, हा विचार वर गेल्यावर आला नाही, कारण सगळा जीव त्या दोन दोऱ्यांतला ताण ऐकण्यात गुंतला होता. आवाज फक्त वाऱ्याचा, दोऱ्यांतून सळसळणारा. भाताची मोकळी खाचरे, एक बैलजोडी, आणि वर पाहणारा एक निळा ठिपका, ती लेक. जमीन जवळ आली तसे कानात ‘‘आता पूर्ण ओढा’’ असे ऐकू आले. ओढायचीही एक वेळ असते, ती ही. मी जरा उशिरा ओढले आणि बसकण मारूनच उतरलो. उभा राहून प्रथम डावे मनगट चाचपले. ते जागेवर होते. लेक धावत आली आणि म्हणाली, ‘‘बाबा, छत्री सुलटीच राहिली!’’ ती गोष्ट तिला कोणी सांगितली हे विचारायची गरज नव्हती. तो आवाज एस. टी. च्या थांब्यापर्यंत जातो.

उंचीची भीती गेली का, असे लोक विचारतात. नाही. जिन्याचा कठडा मी अजून धरतो. पण भीती आता माझ्यासाठी ठरवत नाही. ती फक्त तपासण्या म्हणायला लावते.

गुढीपाडव्याला पुन्हा गावी गेलो. ऊन तापले होते. दुपारी मोकळ्या रानात एक वावटळ उठली. पाचोळा, धूळ, एखादा कागद असे काय काय गरगरत वर चढू लागले. लहानपणी आम्ही तिला भुताची म्हणून घराकडे पळत असू. आता मला दिसले, की हाच तो ऊन हवेचा झोत, धुळीने डोळ्यांना दाखवून दिलेला. मान वर केली तर अगदी वर, त्या खांबाच्या टोकाशी असावी तशी, एक घार घिरट्या घालत होती. पंख हलत नव्हते. नवशिक्याने अशा हवेत जाऊ नये, हेही मला आता ठाऊक होते.

ओसरीवर आई सुपात ज्वारी घेऊन बसली होती. मी शेजारी बसलो. वर न पाहता तिने विचारले, ‘‘मग? सोडलीस का पोरीला वाऱ्यावर?’’

‘‘सोडली.’’

‘‘वारा बघून सोडलीस ना?’’

‘‘बघून सोडली. आदल्या दिवशी वारा नव्हता, तेव्हा दिवसभर बसून राहिलो.’’

तिचा हात क्षणभर थांबला. ‘‘तुझे आबा असेच बसायचे,’’ ती म्हणाली. प्रत्यक्षात आबा उभे राहायचे, पण मी दुरुस्ती केली नाही.

मग तिने सूप उचलून हलकेच पाखडले. कोंडा अंगणात उडाला आणि दाणे सुपात परत आले.

या दिवाळीनंतर हंगाम सुरू होईल तेव्हा लेक पुढच्या वर्गाला जाणार आहे; आणि या खेपेला एकटी. फॉर्म माझ्या टेबलावर आहे. सही करून झाली आहे.